पानातला पिवळा, डोळ्यातला पिवळा

डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही. बुबुळावर धुळीचा कण बसला तरी आपण कासावीस होतो, पण आत, मागच्या बाजूला पसरलेल्या दृष्टिपटलात वेदना कळवणारे तंतूच नाहीत. दाहाची चार लक्षणं केल्सस या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. शरीरात इतरत्र दाह झाला की यातलं काहीतरी जाणवतं आणि माणूस सावध होतो. दृष्टिपटलात दाह सुरू झाला की कदाचित वाचताना ओळ मध्येच वाकडी दिसते, नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात, एखादा रंग फिका वाटतो. कित्येकदा तेवढंही होत नाही. लक्षात येईपर्यंत आत बरंच काही घडून गेलेलं असतं.

माझ्या मोठ्या बहिणीच्या, ताईच्या, डोळ्यामुळे मी या विषयात शिरले. तिला युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या आवरणाचा दाह, आहे, आणि तो मागच्या बाजूला, दृष्टिपटलाला लागून आहे. निदान झालं, स्टेरॉइड सुरू झालं, पुढे रोगप्रतिकारशक्ती आवरणारं औषध त्याच्या जोडीला आलं. आणि त्याबरोबर सल्ले आले. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, केशराच्या गोळ्या, ब्रॉकोलीच्या कोंबांची पूड, ल्युटीन, बीटा-कॅरोटीन. सांगणारी सगळी माणसं मायेची. ताईने सगळी नावं एका कागदावर लिहिली, कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तू वाचत असतेस ना, मग एवढंच सांग. यातलं खरंच डोळ्यापर्यंत काय पोहोचतं?"

याहून नेमका प्रश्न मला तरी सुचला नसता. वनस्पतींमधल्या रसायनांबद्दल जे काही छापलं जातं, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नापाशी येऊन अडखळतं.

आधी हे दृष्टिपटल काय आहे ते पाहायला हवं. जाडी बहुतेक ठिकाणी पाव मिलिमीटरच्या आसपास. गर्भात ते मेंदूच्याच फुगवट्यातून तयार होतं, म्हणून त्याला मेंदूचा पुढे आलेला तुकडा म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. वजनाच्या मानाने सर्वात जास्त प्राणवायू खाणाऱ्या ऊतींमध्ये त्याची गणना होते. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या टोकांना चकत्यांची चळत असते, आणि त्या चकत्यांच्या आवरणात डीएचए हे चटकन खवट होणारं मेदाम्ल ठासून भरलेलं असतं. भरपूर प्राणवायू, सहज ऑक्सिडीकरण होणारा मेद आणि भिंगाने एकवटलेला प्रकाश, या तिन्ही गोष्टी एकाच जागी, दिवसभर, आयुष्यभर. हे दृष्टिपटल सत्तर-ऐंशी वर्षं टिकतं कसं, याचंच खरं तर नवल वाटायला हवं.

ते टिकतं, कारण तिथे दुरुस्ती अखंड चालू असते. त्या चकत्यांपैकी साधारण दहावा हिस्सा रोज झडतो आणि तितक्याच नव्या चकत्या खालून येतात. झडलेल्या चकत्या शेजारचा रंगद्रव्याचा थर गिळून पचवतो. वय वाढतं तसा न पचलेला गाळ त्या थरात साठू लागतो, आणि त्याखाली ड्रुसेन नावाचे पिवळट साठे दिसू लागतात. उतारवयात मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा मध्यभाग, झिजण्याचा जो आजार होतो, त्याची ही सुरुवातीची खूण. हा आजार म्हणजे नुसती झीज, असं बरीच वर्षं धरलं जात होतं. 2005 साली वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवून दिलं, की रोगप्रतिकार व्यवस्थेला लगाम घालणाऱ्या 'कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच' या प्रथिनाच्या जनुकातला एक फरक या आजाराचा धोका चांगलाच वाढवतो. तेव्हापासून झिजेबरोबर दाहाचंही नाव घेतलं जाऊ लागलं.

दृष्टिपटलात राखणीला मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्यांचं वर्णन वाचताना मी बराच वेळ थांबले होते. शांत असताना ही पेशी बारीक फांद्यांची असते आणि त्या फांद्या सतत हलवून आजूबाजूची प्रत्येक पेशी चाचपत राहते. कुठे इजा दिसली की फांद्या आत ओढून घेते, गोलसर होते, जागा सोडून सरकत जाते आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-1-बीटा असे संदेश सोडून आणखी पेशींना बोलावते. हे सगळं दुरुस्तीसाठीच असतं. काम झाल्यावर ही धावपळ थांबली नाही तर त्याच रसायनांनी शेजारच्या चेतापेशी मरायला लागतात, आणि मेलेली चेतापेशी माणसाच्या डोळ्यात पुन्हा उगवत नाही. मधुमेहाने होणारी डोळ्याची हानी, मॅक्युलाची झीज, युव्हायटिस हे तीन आजार एकमेकांपासून पुष्कळ वेगळे आहेत. पण न थांबणारा दाह तिन्हींमध्ये कुठे ना कुठे भेटतोच.

आता पानाकडे वळू. मला या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट इथे सापडली.

पानालाही डोळ्यासारखाच पेच पडलेला असतो. प्रकाशावाचून चालत नाही आणि प्रकाश जास्त झाला की तोच जाळतो. भर दुपारच्या उन्हात पानावर पडणारी सगळी ऊर्जा साखर बनवण्यात खर्च होत नाही. उरलेली ऊर्जा प्राणवायूला भडकवते आणि हा भडकलेला प्राणवायू पानाची यंत्रणा फोडायला लागतो. यावर पानाने केलेला उपाय असा: ऊन वाढलं की व्हायोलाझँथिन नावाचं पिवळं द्रव्य काही मिनिटांत झिअॅझँथिन या दुसऱ्या पिवळ्या द्रव्यात बदलतं, आणि त्याच्या मदतीने जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सावली आली की उलटा प्रवास. जोडीला ल्युटीन हे तिसरं पिवळं द्रव्य कायम हजर असतंच. पान हिरवं दिसतं ते क्लोरोफिलमुळे, पण त्या हिरव्याला सांभाळणारा पिवळा त्याच्याआड दडलेला असतो.

आणि हाच पिवळा आपल्या डोळ्यात आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जिथून आपण अक्षर वाचतो आणि चेहरा ओळखतो, तिथे मॅक्युला नावाचा लहानसा पिवळा डाग असतो. हे द्रव्य पानांमधल्या झँथोफिल गटातलं असावं, असं जॉर्ज वॉल्ड यांनी 1945 साली सांगितलं. ते ल्युटीन आणि झिअॅझँथिन आहे, हे बोन आणि लँड्रम यांच्या गटाने 1985 साली दाखवलं. माणसाचं शरीर यातलं एकही बनवू शकत नाही. डोळ्यातला सगळा साठा खाण्यातून आलेला असतो: पालकासारख्या पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक. तिसरं एक द्रव्य, मेसो-झिअॅझँथिन, डोळा ल्युटीनपासून स्वतः घडवतो.

निवड किती काटेकोर आहे पाहा. निसर्गात अशी कॅरोटिनॉइड द्रव्यं शेकड्यांनी आहेत. आपल्या आहारात त्यांतली काही डझन येतात, रक्तात त्याहून कमी पोहोचतात, आणि मॅक्युला त्यांतून ही दोनच उचलते. दोन्हींना धरून ठेवणारी प्रथिनंही तिथे वेगवेगळी आहेत. पॉल बर्नस्टीन यांच्या युटा विद्यापीठातल्या गटाने ती शोधली: झिअॅझँथिनसाठी जीएसटीपी-1, ल्युटीनसाठी स्टार्ड-3. ज्या ऱ्हीसस माकडांना जन्मापासून कॅरोटिनॉइड नसलेला आहार दिला, त्यांच्या डोळ्यात हा पिवळा डाग तयारच झाला नाही. शरीर एखाद्या गोष्टीसाठी इतकी व्यवस्था करतं तेव्हा त्या गोष्टीला तिथे काम असतं, हे मला पटतं.

ताईच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर म्हणजे हेच. ल्युटीन आणि झिअॅझँथिन डोळ्यापर्यंत पोहोचतात, आणि हे स्वतःच्या डोळ्याने पाहताही येतं. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडायचं. मध्यावर नजर ठेवायची आणि मान सावकाश एका खांद्याकडे, मग दुसऱ्या खांद्याकडे कलती करायची. नजरेच्या अगदी मध्यभागी, हात लांब करून धरलेल्या मुठीहून लहान, एक फिकट पिवळी आकृती दिसते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवावेत तशी. तिच्या काटकोनात किंचित निळसर झाक असते. मान स्थिर ठेवली की काही सेकंदांत ती विरते, कलती केली की परत उमटते. विल्हेल्म हायडिंगर या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञाने 1844 साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला हायडिंगरचा ब्रश म्हणतात. एलसीडीचा प्रकाश एकाच दिशेने कंप पावतो, मॅक्युलातले पिवळे रेणू केंद्राभोवती आरांसारखे मांडलेले असतात, आणि ठरावीक दिशेला असलेले रेणू निळा प्रकाश जास्त शोषतात. त्यातून ही आकृती उमटते. सगळ्यांना ती चटकन दिसत नाही. मला बऱ्याच खटपटीनंतर दिसली, आणि मी बसल्या जागी थरारले. कधीतरी खाल्लेल्या पानांचा रंग मी माझ्याच नजरेत बघत होते.

मग ताईचा पुढचा प्रश्न: पोहोचतात ते ठीक, पण दाह कमी करतात का?

इथे पावलं जपून टाकावी लागतात. ही द्रव्यं निळा प्रकाश गाळतात आणि भडकलेला प्राणवायू शांत करतात, हे पक्कं आहे. उंदरांच्या डोळ्यात कृत्रिमरीत्या दाह निर्माण करून ल्युटीन दिलं, तर दाहाचे संदेश घटतात, असे प्रयोग झाले आहेत. पेशीच्या केंद्रकात जाऊन दाहाची जनुकं चालू करणारं एनएफ-कॅपा-बी नावाचं प्रथिन आहे, त्याला इथे आळा बसतो. पण माणसांवरचा मोठा पुरावा आहे तो मॅक्युलाच्या झिजेबद्दल, युव्हायटिसबद्दल नाही. हा फरक ताईला सांगताना मी दोनदा सांगितला.

तो पुरावा असा. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने केलेल्या एरेड्स या अभ्यासाचे निष्कर्ष 2001 साली आले. मध्यम टप्प्यावरच्या किंवा एका डोळ्यात आजार बळावलेल्या रुग्णांना क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबं एकत्र दिलं, तर आजार शेवटच्या टप्प्यावर जाण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी घटला. ज्यांना आजार नव्हता किंवा अगदी सुरुवातीचा होता, त्यांना फायदा दिसला नाही. पुढचा अभ्यास, एरेड्स-2, 50 ते 85 वयाच्या 4,203 लोकांवर झाला आणि 2013 साली जाहीर झाला. त्यात 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झिअॅझँथिन तपासलं होतं. जुन्या मिश्रणात त्याची नुसती भर घालून मुख्य निष्कर्षात ठळक फरक पडला नाही. पण ज्यांच्या आहारात ही द्रव्यं सर्वात कमी होती त्यांच्यात फायदा दिसला, आणि बीटा-कॅरोटीन काढून त्याजागी ही जोडी घालणं अधिक सुरक्षित ठरलं. दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष 2022 साली आले, त्यांनी हा बदल योग्य होता असंच सांगितलं.

बीटा-कॅरोटीन का काढलं, हे मात्र प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला फार वाटतं. तेही वनस्पतींतलंच, गाजराला रंग देणारं, निरुपद्रवी वाटणारं द्रव्य. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासात, ते कर्करोगापासून वाचवेल या आशेने, रोज 20 मिलिग्रॅम दिलं गेलं. 1994 साली निष्कर्ष आले तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. एरेड्स-2 मध्येही पूर्वी धूम्रपान केलेल्यांमध्ये हीच काळजी समोर आली. गाजर खाऊन असं झालेलं नाही. गोळीतला मोठा डोस आणि सिगारेटने पोळलेलं फुप्फुस एकत्र आल्यावर झालं. "झाडापासूनच आहे ना, मग काय बिघडतं?" असं कुणी म्हणालं की मी आता हे आकडे सांगते. कँथाझँथिन हे या कुळातलं आणखी एक द्रव्य. कातडी उन्हात रापल्यासारखी दिसावी म्हणून लोक त्याच्या गोळ्या घ्यायचे. 1980च्या दशकात डॉक्टरांना अशा लोकांच्या मॅक्युलाभोवती सोनेरी चकाकणारे स्फटिक कड्यासारखे जमलेले दिसले.

हळदीतलं कर्क्युमिन हे कागदावरचं सर्वात ठळक नाव होतं. प्रयोगशाळेच्या काचेत ते खरंच मोठं काम करतं: एनएफ-कॅपा-बी रोखतं, मायक्रोग्लियाला शांत करतं, मरू घातलेल्या पेशी वाचवतं. अडचण काचेबाहेर सुरू होते. तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं, जे जातं ते यकृत लगेच बांधून बाहेर टाकतं, आणि उरलेल्याला रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामधली घट्ट सांध्यांची भिंत ओलांडायची असते. शिवाय कर्क्युमिन बऱ्याच रासायनिक चाचण्यांमध्ये ढवळाढवळ करतं, त्यामुळे चाचणी 'परिणाम आहे' म्हणते तेव्हाही तो खरा असतोच असं नाही. औषधरसायनाच्या अभ्यासकांनी 2017 साली याचा सविस्तर आढावा घेऊन या बाबतीत स्पष्ट इशारा दिला आहे.

शोषण वाढवायला मिऱ्यातलं पायपरीन जोडतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी 1998 साली दाखवलं, की 20 मिलिग्रॅम पायपरीनबरोबर माणसांच्या रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढतं. जाहिराती इथे थांबतात. ते वाढतं कसं? पायपरीन यकृताचं आणि आतड्याचं पदार्थ मोडून बाहेर टाकण्याचं काम मंदावतं म्हणून. आणि यकृत त्याच वेळी इतर औषधंही मोडत असतं. ज्या माणसाच्या औषधाची रक्तातली पातळी काटेकोर राखावी लागते, त्याच्यासाठी ही बारीकसारीक गोष्ट राहत नाही.

युव्हायटिससाठी कर्क्युमिनचा माणसांवरचा एक अभ्यास मला सापडला, इटलीतला, 2010 सालचा. 106 रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या उपचारांबरोबर फॉस्फोलिपिड या मेदासारख्या पदार्थात बांधलेलं कर्क्युमिन वर्षभर दिलं, आणि आजार उलटण्याचं प्रमाण आधीच्या वर्षापेक्षा बरंच कमी झालं. वाचून माझ्या आशा उंचावल्या. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. युव्हायटिस हा उसळणारा आणि ओसरणारा आजार. वाईट वर्ष गेलं म्हणून माणूस अभ्यासात सामील होतो, आणि वाईट वर्षानंतरचं वर्ष पुष्कळदा काही न करताही बरं जातं. हे कर्क्युमिनमुळे झालं की दिवस पालटल्यामुळे, हे त्या अभ्यासावरून ठरवता येत नाही. अशा रुग्णांचे दोन गट करून, एकाला बिनऔषधाची गोळी देऊन, नीट अभ्यास व्हायला हवा. इतकी माणसं या कॅप्सूल घेत असताना तो न होणं मला अन्यायाचं वाटतं.

केशराची गोष्ट जरा बरी आहे. त्यातलं क्रोसिन आणि क्रोसेटिन प्रखर प्रकाशाने होणाऱ्या हानीपासून उंदरांचं दृष्टिपटल वाचवतं, असं दिसल्यावर इटलीतल्या गटाने मॅक्युलाची सुरुवातीची झीज असलेल्या 25 जणांना तीन महिने रोज 20 मिलिग्रॅम केशर दिलं. 2010 साली त्यांनी लिहिलं, की दृष्टिपटलाचा विजेचा प्रतिसाद सुधारला. पुढे सिडनीत 100 जणांवर अधिक काटेकोर अभ्यास झाला. 2019 सालच्या त्याच्या निष्कर्षांत सुधारणा दिसली, पण थोडी, आणि नजरेच्या तक्त्यावर सरासरी एक अक्षरही न भरणारी. म्हणजे खोटं नाही, मोठंही नाही.

ब्रॉकोलीच्या कोंबांतल्या सल्फोराफेनबद्दल मला वेगळंच कुतूहल वाटतं. ते अखंड कोंबात जवळजवळ नसतंच. कोंब चावला, पेशी फुटल्या, की वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले दोन घटक एकत्र येतात आणि ते तयार होतं. किडीला हाकलायला झाडाने केलेला हा तिखट बंदोबस्त आहे. आपल्या पेशींना तो सौम्य धोक्यासारखा जाणवतो आणि त्या एनआरएफ-2 नावाच्या प्रथिनामार्फत स्वतःची संरक्षक विकरं वाढवतात. जॉन्स हॉपकिन्समधल्या पॉल टलाले यांच्या गटाने 1992 साली सल्फोराफेनचा हा गुण दाखवला आणि 2001 साली माणसाच्या दृष्टिपटलातल्या रंगद्रव्य थराच्या पेशींवरही तो पडताळला. त्या पेशी काचेतल्या होत्या. रुग्णांच्या डोळ्यात हे किती चालतं, ते अजून बाकी आहे.

मी ताईला हे सगळं तिच्या कागदावर एकेका नावापुढे लिहून दिलं. पेशींवर, प्राण्यांवर, माणसांवर, आणि 'तुझ्या आजारावर' असे चार रकाने केले. शेवटचा रकाना जवळजवळ रिकामा राहिला. ती जरा खट्टू झाली. "म्हणजे काहीच नाही?" मी म्हटलं, "ताई, स्टेरॉइड आहे ना. ते पोहोचतं, आणि थांबवतं. ते न चुकवता घेणं हेच आत्ता सगळ्यात मोठं काम आहे." मागच्या बाजूच्या दाहात डोसाची हयगय झाली, तर तेवढ्या अवधीत मॅक्युलात पाणी साचू शकतं. संसर्गाने झालेला युव्हायटिस असेल तर उपचारच निराळे. म्हणून काळे ठिपके अचानक वाढले, प्रकाश खुपायला लागला, सरळ रेषा नागमोडी दिसू लागल्या, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. पालेभाजी रोज खावी, थोड्या तेलातुपासकट, कारण ही द्रव्यं मेदाबरोबरच शोषली जातात. रक्त पातळ करायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी विचारावं, त्यात के जीवनसत्त्व असतं. मॅक्युलातला पिवळा साठा वाढायला महिने लागतात, उसळलेला दाह इतकी वाट पाहत नाही.

ताईने तो कागद पुढच्या तपासणीला बरोबर नेला. डॉक्टरांनी पायपरीन घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलवर काट मारली आणि ती का, हे तिच्या दुसऱ्या औषधाचं नाव घेऊन समजावलं. बीटा-कॅरोटीनही खोडलं. ल्युटीनपुढे लिहिलं, 'हरकत नाही, उपचार म्हणून नव्हे.' केशर आणि ब्रॉकोलीच्या पुडीबद्दल म्हणाले, आत्ता नको, दाह आटोक्यात आल्यावर बोलू. स्टेरॉइडचा डोस किती उतरवायचा, ते पुढच्या ओसीटी स्कॅननंतर, म्हणजे दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या तपासणीनंतर, ठरेल.